थांबा, पाहून राह्यलो

मी संशयी माणूस आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. दुधाची पिशवी घेतली की मी तारीख दोनदा वाचतो, आणि तारीख बरोबर निघाली तर कोणी जुनी खोडून नवी छापली नसेल ना म्हणून वर अंगठा घासून बघतो. बायको म्हणते, तुमच्याशी लग्न करताना पत्रिकेऐवजी पोलीस पाटलाचा दाखला न्यायला हवा होता. अशा माणसानं दुसऱ्याच्या आयुष्याविषयी लिहावं का, असं कोणी विचारेलही. पण संघपालविषयी कोणी लिहायचं झालंच तर ते मीच लिहिलं पाहिजे. त्याच्या नावाला जो काळिमा लागायचा राहिला, तो लावायला मीच बसलो होतो.

बुलढाण्यात चिखली रोडला एका कृषी केंद्राच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. जिना चढताना खालच्या औषधांचा वास नाकात जातो आणि दिवसभर तिथेच राहतो. आम्ही चार माणसं. अनुपमा मॅडम मालकीण, अकरा वर्षं पुण्याच्या मोठ्या कंपनीत काढून गावी परत आलेल्या. मी हर्षल, देऊळघाटचा, सगळ्यांत जुना. पूनम, आम्ही जे बनवतो ते तपासून त्यातल्या चुका काढणारी. आणि संघपाल, जानेफळचा, सगळ्यांत नवा. आम्ही एकच वस्तू बनवतो, तिचं नाव 'काटा'. जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाची गाडी वजनकाट्यावर चढली की आमचा प्रोग्रॅम वजन वाचतो आणि गाडीचा नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन असं सगळं लिहून पावती छापतो.

मॅडमनी पुण्याहून कामाची एक पद्धत आणली होती. रोज सकाळी दहाला सगळ्यांनी उभं राहायचं, खुर्चीला पाठ टेकवायची नाही, आणि प्रत्येकानं तीन गोष्टी सांगायच्या: काल काय केलं, आज काय करणार, कुठं अडलं. शिवाय भिंतीवर एक पांढरा फळा. प्रत्येक कामाची एक चिकट चिठ्ठी, तिच्यावर काम आणि माणसाचं नाव. चिठ्ठी डावीकडून उजवीकडे सरकत जायची. रकाने पूनमनं लिहिले होते, आमच्याच बोलीत: करायचं, करून राह्यलो, अडलं, झालं. पुण्याहून आलेला एक पाहुणा 'करून राह्यलो' वाचून खूप हसला होता. मॅडमनी ते पुसलं नाही, तेव्हा त्या मला पहिल्यांदा आवडल्या. पद्धत मात्र मला कधी पटली नाही. कोण किती काम करतो हे भिंतीवर टांगायचं आणि त्याला विश्वास म्हणायचं, यात काहीतरी काळंबेरं आहे असंच मला वाटायचं.

संघपाल नोकरीसाठी आला तेव्हा मॅडमनी शेवटी विचारलं, तुला काही विचारायचं आहे का. बाकीची पोरं सुट्ट्या विचारतात. यानं विचारलं, "या मशिनींवर जे काही टाकेल आहे, ते सगळं इकतचं आहे का?"

मॅडम हसून हो म्हणाल्या. माझ्या मात्र डोक्यात घंटा वाजली. आल्या आल्या प्रोग्रॅम विकतचे की चोरीचे याची चौकशी करणारा माणूस मी सरळ कसा समजू? खरं तर माझ्याच मशिनीत चित्रं काढायचा एक प्रोग्रॅम कुलूप तोडलेला होता, फुकटातला. म्हणजे तो विचारत होता त्याची मला भीती होती. पण हे मी तेव्हा स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही.

पहिल्याच आठवड्यात डबा खाताना त्यानं आपली सगळी कथा सांगितली. जानेफळच्या स्टँडजवळ त्याचं मोबाइलचं दुकान होतं. बाहेर पाटी, 'मेमरी कार्ड भरून मिळेल'. सिनेमे, गाणी, कीर्तनं, काय वाटेल ते तो लोकांच्या कार्डात भरून द्यायचा. पंचक्रोशीतल्या ट्रॅक्टरांवर जे काही वाजायचं ते याच्या दुकानातून गेलेलं. त्यांच्याच गावात सोजराबाई नावाची एक गाणारी बाई होती. जयंतीला, बारशाला, कोणाच्या मरणानंतरच्या पुण्यानुमोदनाला ती स्वतः बांधलेली गाणी म्हणायची. तिनं हौसेनं औरंगाबादला जाऊन एक सीडी काढली. संघपालनं एक सीडी घेतली आणि तिच्यातली गाणी हजार कार्डांत भरली. सोजराबाईच्या उरलेल्या सीड्या तिच्या घरी पेटीत तशाच पडून राहिल्या.

"एक दिवस ते माह्या दुकानात आली," संघपाल म्हणाला. "नातवानं तिले फोन घेऊन देल्ला होता. म्हने, बापू, त्या सोजरीचे गाणे आहेत ना तुह्याजवळ, ते भरून दे याच्यात. सगळे आयकतात, मीच नाही आयकले. अन् वर पैसे काढू लागली, भाऊ. तिचेच गाणे, अन् ते मले पैसे देऊन राह्यली होती."

त्यानं घेतले नाहीत. कार्ड भरून दिलं, पाटी उतरवली, आणि त्याच महिन्यात मेहकरला कॉम्प्युटरच्या क्लासला नाव घातलं. पूनमच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मात्र डब्याचं झाकण लावता लावता मनात म्हटलं, पोरगा गोष्ट छान रचतो.

तो कामाला चांगला होता, हे मी तेव्हाही नाकारलं नसतं. एक उदाहरण देतो, कारण पुढं सगळं त्याच्यावरच फिरलं. बाहेर द्यायच्या आधी आम्ही 'काटा'च्या चाचणीच्या प्रती काढायचो. त्यांना कुलूप नसतं. ज्या मशिनीत टाकाल त्या मशिनीत चालतात. कधी मी काढायचो, कधी संघपाल, कधी मॅडम, आणि कुठली प्रत कोणाची हे पूनमला कळेना. तेव्हा संघपालनं सुचवलं की गाडी काट्यावर चढताना वजन हलत असतं, तेवढ्या दोनचार सेकंदांत पडद्यावर 'कृपया थांबा' असं येतं. चाचणीच्या प्रतीत प्रत्येकानं तिथं आपले आपले शब्द घालावेत. मग संघपालच्या प्रतीत 'दम धरा भाऊ' येऊ लागलं. मॅडमच्या प्रतीत 'एक मिनिट'. मी घातलं, 'थांबा, पाहून राह्यलो'. पूनम म्हणाली, तुम्हाला शोभतं.

दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाल्या. एका सकाळी मलकापूरच्या एका जिनिंगवाल्याचा फोन आला. काटा अडकून राह्यला, माणूस पाठवा. पूनमनं यादी बघितली तर या नावाचं कोणी आमचं गिऱ्हाईक नव्हतंच. पावतीवर आमचा फोन छापलेला होता म्हणून त्यानं बिनधास्त लावला. पूनमनं पावतीचा फोटो मागवला, त्यानं तोही पाठवला. पावतीच्या खाली बारीक अक्षरात छापलेलं होतं, 'चाचणी प्रत'. जी वस्तू आमच्या ऑफिसाबाहेर गेलीच नव्हती, ती मलकापुरात पावत्या छापत होती. आठवड्यात असे आणखी तीन फोन आले. मॅडमचा चेहरा उतरला. फुकट मिळतंय म्हटल्यावर विकत कोण घेणार, आणि कोणी घेतलं नाही तर चौघांचं ऑफिस किती दिवस चालणार?

मॅडमनी आम्हाला बसवून सांगितलं की त्यांच्या पद्धतीत माणूस शोधत नाहीत, कुठं फट राहिली ते शोधतात. मला हे फारच सोयीचं वाटलं. चोर सापडू नये म्हणूनच ही पद्धत काढलेली असणार, असं मी घरी जाऊन बायकोला म्हणालो. मला फट शोधायची गरजच नव्हती. मेमरी कार्डं भरणारा माणूस आमच्यातच बसत होता.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी, ती लपवली तर हे सगळं लिहिणं फुकट. दुकान हे एक कारण होतं. दुसरं कारण मी तोंडानं कधी बोललो नाही. माझ्या आईनं ते एका वाक्यात बोलून टाकलं. संघपालचं आडनाव विचारलं, ऐकलं, आणि म्हणाली, "मंग काय इचारतं." मी तिला गप्प केलं नाही. ताटातली भाकरी मोडत राहिलो.

मी मॅडमच्या मागं लागलो. तपास होईस्तोवर संघपालला चाचणीच्या प्रतींपासून दूर ठेवा, सगळ्यांच्या पिशव्या संध्याकाळी तपासा. मॅडम नाही म्हणाल्या, मग दोन दिवसांनी हो म्हणाल्या. त्यांचाही धीर सुटत चालला होता. फळ्यावरच्या संघपालच्या चिठ्ठ्या मी माझ्या हातानं काढल्या आणि त्याला फोन उचलायला बसवलं. सहा वाजता पिशव्या तपासायचं काम माझ्याकडे. पूनमची पिशवी मी नुसती वरून बघायचो. संघपालची पूर्ण टेबलावर रिकामी करायला लावायचो. डबा, पाण्याची बाटली, चार्जर, जनकाबाईच्या, म्हणजे त्याच्या आईच्या, बीपीच्या गोळ्या. तो एक एक वस्तू काढून ओळीनं मांडायचा.

चौथ्या दिवशी त्यानं विचारलं, "भाऊ, तुमची पिशवी कोन पाहते?"

"मी काऊन चोरीन?" मी म्हणालो.

"हाव, ते बी आहे," तो म्हणाला आणि गोळ्या परत पिशवीत टाकल्या.

त्याच आठवड्यात फळ्यावर 'अडलं'च्या रकान्यात माझ्या नावाची एक चिठ्ठी दिसली. अक्षर संघपालचं. 'मलकापूर. वजन हलताना पडद्यावर काय येते ते पाहणे.' ज्याच्या चिठ्ठ्या काढल्या तोच मला काम लावतो म्हणून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अडलेल्या चिठ्ठीबद्दल रोज सकाळी बोलायचं आणि ज्याच्या नावाची चिठ्ठी त्यानंच ती सोडवायची, असा नियम होता. रोज सकाळी मी म्हणायचो, पाहतो. मॅडम मान हलवायच्या. संघपाल जमिनीकडे बघत उभा असायचा. आठ दिवस ती चिठ्ठी तिथं होती. नवव्या दिवशी संघपाल आला नाही. दहाव्या दिवशीही नाही. फोन बंद.

मला तर पुरावाच मिळाला. चोर पळाला. आता फक्त धागा जोडायचा होता. मलकापूरच्या माणसाला पूनमनं गोड बोलून विचारलं होतं की प्रोग्रॅम कोणी टाकून दिला. नांदुऱ्याच्या राजकुमारनं, स्टेशनजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. मी मॅडमना म्हणालो, राजकुमारला संघपालनंच दिला असणार, मी त्याच्या तोंडून वदवून आणतो. राजूर घाट उतरून मोताळ्यावरून बस नांदुऱ्याला पोचेपर्यंत मी काय काय विचारायचं ते घोकत होतो.

राजकुमारनं काही लपवलं नाही. लपवण्यासारखं काही आहे हेच त्याला माहीत नव्हतं.

"मले कोनी देल्ला नाही," तो म्हणाला. "पुंजाजींच्या काट्यावरचं मशीन बिघडलं होतं, ते दुरुस्तीले आलं. त्यात भेटला. साधा आहे, मराठी आहे, कुलूप नाही. मी म्हटलं, लोकाइच्या कामात पडल. देल्ला चारपाच जनाले."

पुंजाजी माझे सख्खे मामा. नांदुऱ्याच्या एका जिनिंगवर काटा सांभाळतात. भाऊबीजेला मी आईला घेऊन त्यांच्याकडे गेलो होतो. लॅपटॉप सोबत होता. मामा म्हणाले, काय बनवून राह्यला बे तू, दाखव तरी. मी दाखवलं. मामा म्हणाले, टाकून दे मग आमच्या मशिनीत, दोन दिवस पाहतो. मी टाकून दिलं, आणि दोन दिवसांनी विसरलो. विसरलो हेही खरं नाही. मला ते आठवत होतं, पण मामाला देणं हे देण्यात धरायचं असतं असं मला कधी वाटलंच नाही. चोरी म्हणजे परक्याला देणं. मामाला दिलं ते घरातल्या घरात राहिलं.

मी जिनिंगवर गेलो. मामांनी चहा मागवला. तेवढ्यात एक कापसाची गाडी काट्यावर चढली. चाकं फळीवर आली, वजनाचे आकडे वरखाली पळू लागले, आणि पडद्यावर मोठ्या अक्षरात आलं, थांबा, पाहून राह्यलो.

ड्रायव्हर खिडकीतून वाकून वाचत होता. "काय पाहून राह्यला गा?" असं म्हणून तो हसला. मामाही हसले. मी कप खाली ठेवला. मला लाज वाटली.

"मामा, हे काढून टाका," मी म्हणालो.

"काऊन? ब्येस चालते."

"इकतचं आहे ते. कुलूप लावायचं असते त्याले."

"घरच्या मानसाले कायचं कुलूप बे?" मामा म्हणाले, आणि त्यांना खरंच कळलं नाही. मी माझ्या हातानं काढलं. मामा दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दहाला आम्ही तिघं उभे राहिलो. काल काय केलं, मॅडमनी नेहमीसारखं विचारलं. मी म्हणालो, "काल नांदुऱ्याला गेलो. प्रत कोणी बाहेर दिली ते सापडलं. मी दिली." आणि सगळं सांगितलं. मॅडम मला एक शब्दही लावून बोलल्या नाहीत, कारण त्यांच्या पद्धतीत माणूस शोधत नाहीत. त्या दिवशी मला ती पद्धत सगळ्यांत निर्दय वाटली. त्या एवढंच म्हणाल्या, "जानेफळला कोण जाणार?"

मी गेलो. संघपाल अंगणात बसून कोणाचा तरी मोबाइल उघडून दुरुस्त करत होता. जनकाबाईंनी पाणी दिलं. मी उभ्यानंच सांगितलं. तो स्क्रू फिरवत ऐकत होता.

"मले ठाऊक होतं," तो म्हणाला. "तुम्ही मले फोनवर बसवलं ना, तवा त्या मलकापूरवाल्याले म्यां इचारलं, गाडी चढते तवा काय येते पडद्यावर. त्यानं वाचून दाखवलं."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"सांगतलं असतं तर तुम्ही मानलं असतं?" आता त्यानं वर बघितलं. "म्हनले असते, यानंच शब्द बदलवले, मले फसवाले. सगळ्याइनं तेच म्हटलं असतं. तुमचं तुम्हीच पाहाले पायजे होतं, भाऊ. म्हनून चिठ्ठी लावली. आठ दिवस लावली."

तो खरं बोलत होता. मी अगदी तेच म्हटलं असतं, त्याच शब्दांत. माफी मागायला म्हणून मी जी वाक्यं चिखलीपासून जुळवत आलो होतो, त्यातलं एकही पुढं आलं नाही. मी म्हणालो, "सोमवारी ये." जनकाबाई दारातून म्हणाल्या, "तो येईन. पन त्याची पिशवी उलटी करता म्हनते तुम्ही. त्याच्यात माह्या गोळ्या असतात, गहाळ होतात त्या."

सोमवारी संघपाल आला. फळ्यावरची ती चिठ्ठी त्यानं 'अडलं'मधून काढून 'झालं'मध्ये लावली. मॅडमनी 'चाचणी प्रतीला कुलूप' असं लिहून चिठ्ठी त्याच्या नावानं 'करायचं'मध्ये लावली. मधल्या सुट्टीत मी माझ्या मशिनीतला तो फुकटातला प्रोग्रॅम काढून टाकला, त्याच्या देखत.

सहा वाजले. मी टेबलाशी काहीतरी लिहीत होतो. संघपाल समोर येऊन उभा राहिला आणि त्यानं पिशवी उघडली. डबा, बाटली, चार्जर, गोळ्या. एक एक वस्तू ओळीनं मांडली. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. तो मला टोमणा मारत होता की नुसती सवय झाली होती, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून ओळखता आलं नाही. माणसं ओळखण्याचा माझा दावा तिथंच संपला.

"राहू दे," मी म्हणालो.

"पाहून घ्या, भाऊ."

मी उठलो, माझी पिशवी आणली आणि त्याच्या वस्तूंच्या शेजारी टेबलावर उलटी केली. डबा, चष्म्याची केस, दोन पेन, एक पेनड्राइव्ह. मला वाटलं तो हसेल, राहू द्या म्हणेल, आणि सगळं मिटेल. तो हसला नाही. खुर्ची ओढून बसला. डब्याचं झाकण उघडून बघितलं, केस उघडून बघितली. पेनड्राइव्ह स्वतःच्या मशिनीला लावला, आतली एक एक फाइल उघडली, बंद केली. पूनम जिन्यात थांबून बघत होती. चांगली दहा मिनिटं गेली असतील. मी उभा होतो.

मग त्यानं पेनड्राइव्ह काढून माझ्या हातात दिला.

"हाव," तो म्हणाला, "जा आता."